बँडवाले पहिल्या पंगतीला

शनिवार, २ ऑगस्ट

सगळ्यांच्या आधी आली ती चित्रा. पाचला बोलावलेली बाई साडेचारलाच दारात, नवऱ्याला गाडीत बसवून. "काकू, दोनच मिनिटं," म्हणाली आणि दोन मिनिटांत माझं नऊवारी, सुनेचे म्हणजे वृंदाचे पडदे, ओट्यावरचा कुकर, सगळं नजरेखालून घातलं. ही इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष. गणपतीचं ठरवायला आली होती. मोदक कोण करणार म्हटल्यावर मीच पुढं झाले. एकवीस कशाला, एकशेएकवीस करते म्हटलं. इथं आयर्लंडला येऊन महिना झाला, हाताला काम नाही, बोटं नुसती शिवशिवतात.

तेवढ्यात दारात एक भलीमोठी व्हॅन थांबली आणि त्यातून चार गोरी पोरं उतरली. खांद्यापर्यंत केस, दाढ्या, अंगात विटकी जाकिटं, कोपरांना भोकं, एकाच्या विजारीला तर पट्ट्याऐवजी सुतळी. मला वाटलं काही मागायला आलीत. आत जाऊन चार भाकरीचं पीठ जास्तीचं मळलं.

मागायला नव्हती आली. मुक्ताकडं आली होती. मुक्ता माझी नात, एकोणीस वर्षांची. तिनंच ही वही दिली, म्हणाली आजी रोज लिही. रोज काय लिहिणार? चौथीपर्यंत शाळा झाली माझी, तीपण शेण-पाणी सांभाळून. ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी लिहीन म्हटलं. मुक्ता सगळं इंग्रजीत बोलते, तेही इथल्या लोकांसारखं हेल काढून. मी मराठीत बोलते. आमचं भांडणसुद्धा असंच होतं आणि दोघींना सगळं कळतं.

तर ही पोरं म्हणजे इंग्लंडचा बँड. नाव कंदील असं काहीतरी. जुन्या पद्धतीची गाणी म्हणतात, खाणीतल्या माणसांची, कोळ्यांची, नांगरणाऱ्यांची. पाय आपटत म्हणतात. मुक्ता सांगते की मोटारीच्या जाहिरातीतपण त्यांचंच गाणं आहे, लाखो लोक ऐकतात. इथं समुद्राकाठी घर भाड्यानं घेऊन नवीन गाणी बसवतायत. मुक्ता गुरुवारी पबात क्लारनेट वाजवायला जाते, तिथं यांनी तिला ऐकलं. आता तेवीस तारखेला इथल्या थेटरात त्यांचा कार्यक्रम आहे, त्यात तिनं वाजवायचं.

नाव ऐकल्याबरोबर चित्रा ताडकन उठली. फोटो काय काढले, हसली काय! "काकू, केवढे फेमस आहेत हे! तो मधला बार्नबी, तो कुठल्या शाळेतला माहितीये? मोठमोठ्या खानदानातली मुलं जातात तिथं." रणजितपण खूश. रणजित माझा मुलगा, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. एरवी पोरीनं क्लारनेट काढलं की दार लावून घेतो, आज म्हणाला वाजवून दाखव.

चित्रा म्हणाली, "रक्तातच आहे तिच्या. आजोबा संगीत शिक्षक होते ना हो, काकू?"

मी म्हटलं, "शिकवायचे की! पंधरा-वीस पोरं तयार केली त्यांनी."

"कुठल्या शाळेत?"

रणजित म्हणाला, "आई, चहा उतू जातोय बघ." गेले तर चहा ठेवलेलाच नव्हता. दमतं पोरगं ड्यूटी करून.

बार्नबीनं पिठलं-भाकरी खाल्ली. चार भाकरी. उपाशीच असेल, कपड्यांवरून वाटतंच.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज इथं सुट्टी. पोरांच्या घरचं धुण्याचं मशीन बिघडलं म्हणून मुक्तानं त्यांचं गाठोडं आमच्याकडं आणलं, मशीनला लावलं आणि वाजवायला गेली. वाळवायला मी काढले. बाई गं, काय अवस्था कपड्यांची!

आणि ठिगळं बघून तर मी खाली बसले. ज्यानं लावली त्याला शिवण येतच नाही. ओझं वाहणाऱ्याचा खांदा विरतो, जमिनीवर बसणाऱ्याचा गुडघा जातो. इथं गुडघा कोराकरकरीत आणि ठिगळ मांडीवर. जाकिटाला छातीवर ठिगळ. छातीवर कोण घासतं? खालचं कापड बघितलं तर धडधाकट, भोकच नाही.

मी बारा वाजता बसले ते चारला उठले. सगळी ठिगळं उसवली. कोपरांची खरी भोकं रफू केली. तपकिरी दोरा नव्हता, लालच होता, पण टाका इतका बारीक घातला की हात फिरवला तर कळू नये. सुतळी काढून नाडी घातली. जाकिटांना भाताच्या पेजेची खळ दिली, कडक इस्त्री केली. उभी केली असती तर उभी राहिली असती जाकिटं.

मला ही सवय जुनी. आमचा नवजीवन ब्रास बँड, विटा. आमचे हे त्याचे मालक आणि क्लारनेटला तेच. सतरा माणसं, सतरा लाल कोट. लग्नसराईत रोज रात्रीचे घामट कोट सकाळी माझ्यापुढं यायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा नवे करून द्यायचे. हे म्हणायचे, "अनुसया, वाजवण्यात चूक झाली तर मी बघून घेईन, पण कोटाचं बटण तुटलेलं दिसता कामा नये." फाटकं घालून लोकांच्या दारात उभं राहिलो तर लोक भोकच बघत बसतात, म्हणायचे, गाणं कोण ऐकतो.

आज फार दिवसांनी झोप चांगली लागेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सकाळी पोरं कपडे न्यायला आली. मी घड्या घालून, वर एकेक गुलाब ठेवून दिल्या.

 एकानं जाकीट हातात घेतलं तर ते पाटीसारखं वाजलं. मुक्ता तोंडावर हात धरून म्हणाली, "ओ आजी. ओ नो." मग तिनं सांगितलं. ते कपडे फाटके नव्हते, फाटके करून घेतलेले होते. लंडनला एक बाई आहे, ती नवे महाग कपडे विकत घेते, घासते, चहाच्या पाण्यात बुडवते, ठिगळं लावते. स्टेजवर तसंच दिसायचं असतं त्यांना.

मी म्हटलं, "कुणासारखं?"

मुक्तानं विचारलं. बार्नबी म्हणाला, कष्ट करणाऱ्या माणसासारखं.

मला हसू आवरेना. म्हटलं, याला सांग, कष्ट करणारा माणूस कार्यक्रमाला निघाला की त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं घालतो. फाटकं त्याच्याकडं असतंच की, ते कशाला मिरवेल?

तोपण हसला, पण लाल झाला. मग चहा केला आणि तो माझ्यासमोर बसून बोलायला लागला, मुक्ता मध्ये. म्हणाला, पेपरवाले लिहितात आम्ही खोटे आहोत. श्रीमंताची पोरं गरिबांची गाणी म्हणून श्रीमंत झाली, असं लिहितात. जितकी जास्त माणसं ऐकतात तितकं जास्त लिहितात.

"तुझे वडील काय करतात?" मी विचारलं.

कप हातात फिरवत म्हणाला, जमीन आहे. एक टेकडी आहे. जंगलपण आहे थोडं.

"मग ते सांगायचं. बापाला कशाला लपवतोस? आणि लोकांना आवडतं म्हणून गाणं खोटं, हे कुणी सांगितलं? आमचे हे लोकांना आवडेल तेच वाजवायचे. वरातीत समोरचा नाचला नाही तर बँड कशाचा?"

आणि मग मला राहवलं नाही. माझ्या बॅगेतून यांचा कोट काढून आणला. मी कुठंही गेले तरी तो बरोबर असतो. लाल मखमल, सोनेरी फीत, खांद्यावर झालर, बारा पितळी बटणं. सगळं सांगितलं. वरात, पेट्रोमॅक्स, मंडपाच्या दारात तास तास उभं राहणं. मंडपाच्या आत बँडवाल्यांना बोलवत नसत. सगळ्यांच्या पंगती उठल्या की मंडपामागं आमची माणसं बसायची, घरून नेलेली स्वतःची ताटं घेऊन. पण यांनी वाजवलं की नवरीचा बाप रडायचा, हेपण सांगितलं.

बार्नबीचे डोळे असे चमकले! कोटाचा फोटो काढला, माझा काढला, कोट माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा काढला. गुणी पोरगं. किती आस्था.

मुक्ता मात्र कोटाकडंच बघत होती. पोरं गेल्यावर तिच्या इंग्रजीत म्हणाली, बाबा तर सांगतात आजोबा शाळेत शिकवायचे.

मी म्हटलं, "असं म्हणाला?"

"ऑल्वेज."

मी कोटाची घडी घातली. नीट बसेना, पुन्हा घातली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

बार्नबीनं माझा फोटो जगभर पाठवला म्हणे. खाली लिहिलंय की आमच्या नव्या वादक मुक्ताचे आजोबा भारतात रस्त्यावर वाजवायचे, मंडपामागं जेवायचे, हे खरं लोकसंगीत. लाखो माणसांनी बघितलं. नोरा धावत आली फोन घेऊन. नोरा शेजारची, ऐंशीची आहे, तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, आम्ही रोज तासभर बोलतो. तिला कोट दाखवला. बटणांवर बोट फिरवून "ग्रँड, ग्रँड" म्हणाली आणि तिच्या घरून एका फोटोची चौकट घेऊन आली. तिचा नवरा, ढोल गळ्यात अडकवून, गावच्या मिरवणुकीत. त्याच्याही कोटाला बारा बटणं. मग घासायची पावडर आणून दोघींनी यांची बटणं घासली. आरसा झाली.

दुपारी चित्राचा फोन. आवाज अगदी मऊ. "काकू, मोदकांचं राहू द्या हां. तुम्ही दमाल. आम्ही डब्लिनहून मागवतोय." मी वृंदाला म्हटलं, बरी आहे बाई, केवढी काळजी माझी.

वृंदा कांदा चिरत होती. तशीच म्हणाली, "आई, ती काळजी नाही." डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. कांदा अजून अर्धासुद्धा चिरला नव्हता.

मी काही खुळी नाही. पहिल्यांदा म्हटलं ते आपलं स्वतःला बरं वाटावं म्हणून. सत्तर वर्षं बघतेय मी हा मऊ आवाज. तो इतक्या लांब विमानात बसून येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

रणजित ड्यूटीवरून आला तो बूटही न काढता माझ्यासमोर उभा.

"आई, हे सगळ्यांना सांगायची काय गरज होती?"

"काय सांगितलं मी?"

"बँडचं."

"मग काय होते तुझे आण्णा? तहसीलदार?"

"तुला कळत नाही. माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, नंतर बोलवायचं बंद करतात. मुक्ताला हे कशाला? मी इतकी वर्षं…" आणि थांबला.

"इतकी वर्षं काय?"

मग तो बसला. मला माहीत नसलेलं सांगतोय अशा आवाजात सांगायला लागला. मिरजेला डॉक्टरकी शिकत होता तेव्हा मित्राच्या बहिणीचं लग्न होतं कराडला. हा सूट घालून गेलेला. वरात आली आणि पुढं नवजीवन बँड. पुढं आण्णा. मित्र म्हणाला चल नाचू, हा म्हणाला पाय दुखतोय. "मी मान खाली घातली, आई. त्यांनी मला बघितलं आणि तोंड फिरवून पुढं गेले. नंतर कधी एका शब्दानं बोलले नाहीत त्यावर. मरेपर्यंत नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मित्राला म्हणालो, माझे वडील शाळेत संगीत शिकवतात. ते मग तसंच राहिलं."

मी म्हटलं, "माझ्याशी बोलले की."

त्यानं वर बघितलं.

"पहाटे आले. मी चूल पेटवत होते. कोटसुद्धा काढला नाही, तसेच उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, अगं, आज आपलं पोरगं बघितलं. पहिल्या पंगतीला बसलं होतं! पाटाभोवती रांगोळी, वाढपी दोन-दोनदा विचारत होते. मी मंडपाच्या फटीतून बघितलं, दोन जिलब्या खाल्ल्या त्यानं. मी म्हटलं, मग बोलला नाहीत होय? तर म्हणाले, येडी आहेस. वरातीतच तोंड फिरवलं मी. बोललो असतो तर पंगत सोडून उठलं असतं खुळं. हसत होते, रणजित. इतके हसले की मला वाटलं प्यालेत. त्या दिवशी मला जिलबी करायला लावली घरात."

रणजित उठला. धुतलेला कप पुन्हा धुतला. मग बाहेर जाऊन गाडीत बसला, गाडी चालू न करता. मी खिडकीतून बघत होते. मी खिडकीत आहे हे त्याला कळलं असावं, पण त्यानं तोंड नाही फिरवलं.

बुधवार, १३ ऑगस्ट

बार्नबी आला, फुलं आणि मुरंब्याची बाटली घेऊन. त्याला यांचा कोट हवा होता. तेवीस तारखेला घालून गाणार म्हणाला, तुमच्या मालकांचा मान म्हणून. त्या लंडनच्या बाईला फार आवडला आहे म्हणे, थोडा मळवून घेतला की झालं.

रणजित घरातच होता. तो तिकडून म्हणाला, "आई, तो कोट बॅगेत ठेव आणि जाताना परत घेऊन जा. मुक्ता काही वाजवणार नाही."

"आय विल," मुक्ता म्हणाली.

आता दोघं माझ्याकडं बघतायत, एक विटलेल्या जाकिटात आणि एक इस्त्रीच्या शर्टात. माझा पारा चढला. लग्नानंतर एकदा चढला होता, त्यानंतर आज.

मी म्हटलं, मुक्ते, जसंच्या तसं सांग याला. तू लिहिलंस की आमची माणसं मंडपामागं जेवायची. ते मी तुला आमची हकिगत म्हणून सांगितलं, तुझ्या दुकानाची पाटी रंगवायला नाही. लोक तुला खोटा म्हणतात, तर त्यावर तू माझ्या माणसाचं ठिगळ लावतोस? तेपण छातीवर, जिथं तुझं काही झिजलेलं नाही? गा की तू! गळा चांगला आहे तुझा. खाणीतल्या माणसाचं गाणं खाणमालकाच्या पोरानं म्हणू नये असं मी म्हणत नाही. आवडीनं म्हण, नीट म्हण, आणि स्वतःच्या कपड्यात म्हण. हा कोट मळवायचा? या कोटावर डाग पडू नये म्हणून मी तीस वर्षं पहाटे उठलेय.

मुक्तानं कितपत सांगितलं कोण जाणे, पण पोरगं खाली बघायला लागलं.

मग रणजितकडं वळले. "आणि तू. हा मिरवतो, तू लपवतोस. दोघांनाही कोटाशी काही घेणंदेणं नाही, लोक काय म्हणतील याच्याशी आहे. लाज म्हणून हा कोट बॅगेत जाणार नाही आणि शोभा म्हणून दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही. जो वाजवेल त्याचा हा कोट."

कोट मी टेबलावर पसरून ठेवला. 

आणि मुक्ता मराठीत बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सबंध वाक्य. "आजी, मी घालू?"

मी टेप घेऊन तिचे खांदे मोजले. दोन बोटं आत घ्यावे लागतील. बाह्या चार बोटं.

बार्नबीनं तिथंच बसून ते लिहिलेलं काढून टाकलं. मुरंबा चांगला आहे, आंबटसर.

रविवार, १७ ऑगस्ट

झिमझिम. रणजित बोलत नाही. कोटाच्या बाह्या झाल्या.

गुरुवार, २१ ऑगस्ट

दोन दिवसांवर कार्यक्रम आणि मुक्ताची पत्ती गेली. क्लारनेटला तोंडाशी बोरूची पातळ पत्ती असते, तिच्यावर सगळा सूर. नव्या आणलेल्या वाजेनात. एक किंचाळते, एक मुकी. पोरगी ओट्यापाशी बसून रडवेली झाली, "इट्स बँजॅक्स्ड, आजी," करत, म्हणजे सगळं वाटोळं झालं. मला कोट येतो, पत्ती कुठं येते? ते काम यांचं.

रणजित पाणी प्यायला आला होता. ग्लास हातात घेऊन उभा राहिला. मग ग्लास खाली ठेवला, आत गेला आणि त्याच्या डॉक्टरकीच्या पेटीतलं पातं घेऊन आला. मुक्ताच्या हातातली पत्ती घेतली. खिडकीशी उजेडात धरली, डाव्या बाजूनं दोनदा पातं फिरवलं, केस काढावा इतकं हलकं. तोंडात धरून ओली केली, अंगठ्याच्या नखावर वाकवून बघितली, पुन्हा उजेडात धरली. उजव्या बाजूनं एकदा. वृंदा पोळी लाटायची थांबली होती.

"लाव," म्हणाला.

मुक्तानं लावली. वाजली बाई! अशी गोड वाजली की मला आमच्या विट्याच्या घरात बसल्यासारखं झालं.

"बाबा, हे तुला कुणी शिकवलं?" हेपण मराठीत.

तो पातं पुसत होता. म्हणाला, "आण्णांनी. सहावीत होतो मी. लग्नसराईत रोज वीस-वीस पत्त्या करायचो." आणि दुसरी पत्ती उचलली. "एक जादाची असू दे जवळ. गर्दीत पहिली दगा देते."

असं बोलायचे ते. तेच शब्द.

रविवार, २४ ऑगस्ट

कालचं सगळं लिहायचंय. बोटं दुखतील, दुखू देत.

थेटर खचाखच. मी आणि नोरा पहिल्या रांगेत. मी पैठणी नेसले होते, नोरानं टोपी घातली होती. वृंदाच्या पलीकडची एक खुर्ची मोकळी, रणजितची. ड्यूटी आहे, बघतो, म्हणाला होता.

कंदीलवाले आले आणि नोरानं मला कोपरानं ढोसलं. चौघांची जाकिटं माझ्या हातची! कडक, घडीची, कोपराला लाल रफू. बार्नबी पुढं आला आणि गाण्याआधी बोलला, मुक्तानं नंतर मला सांगितलं ते असं. माझ्या वडिलांची एक टेकडी आहे. तिच्यावर मी कधी कुदळ मारलेली नाही. हे गाणं खाणीतल्या माणसांचं आहे, मी कधी खाणीत उतरलेलो नाही. मला ते फार आवडतं म्हणून म्हणतो. जाकीट माझंच आहे. रफू त्या समोरच्या आजींची आहे.

मागून कुणीतरी ओरडलं, सगळे हसले. तोपण हसला. मग गायला. पहिल्यांदाच त्यानं पाय आपटला नाही. चांगलं गातं पोरगं, मी म्हटलंच होतं.

तिसऱ्या गाण्याला मुक्ता आली. लाल कोट, बारा बटणं, दिव्यात अशी लखलखली की नोरानं हात जोडले. मुक्ता सुरुवातीला त्यांच्या गाण्याबरोबर वाजवत होती. मग ती सगळी थांबली आणि तिनं एकटीनं ते वाजवलं, नवरदेव घोड्यावरून उतरताना आमचे हे वाजवायचे ते. मी तिला घरात नुसतं गुणगुणून दाखवलं होतं. पोरगीनं पुरं केलं.

मला वाटलं वळून बघावं. वळले. दाराशी रणजित उभा, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच. कडेला, खांबाला टेकून. मंडपाच्या दारात उभा राहिल्यासारखा.

मी हात केला. आला नाही. मी उठून उभी राहिले, सगळ्या थेटरात, आणि ओरडले, "रणजित, पुढं ये! पहिल्या रांगेत जागा आहे!" इथल्या लोकांना वाटलं असेल म्हातारी गाणं म्हणतेय. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

तो आला. बसला. मुक्तानं वरून त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं मान खाली घातली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसलंपण नाही. संपल्यावर स्टेजमागं गेला, बार्नबीशी हात मिळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत त्याच्या आण्णांबद्दल बोलला. मला तेवढं कळलं, कारण विट्याचं नाव होतं त्यात आणि नवजीवनचं.

आज सकाळी मुक्तानं पेपर वाचून दाखवला. एकानं चांगलं लिहिलंय. एकानं लिहिलंय की बार्नबीचं ते बोलणंसुद्धा नाटकच. असेल. नाटकात का होईना, बापाचं नाव तर घेतलं.

आणि अकरा वाजता चित्राचा फोन. वृंदानं स्पीकरवर टाकला. "रणजित, अरे काय ग्रेट झालं काल! सगळे विचारतायत. बुधवारी आपल्या गणपतीला येतील का रे ते? मिरवणुकीत वाजवतील? मुक्तानंपण तो रेड कोट घालावा, फोटो काय सुंदर येतील! आरतीच्या आधी दारात वाजवतील, मग तोपर्यंत आम्ही जेवणं…"

रणजितनं फोन जवळ घेतला. आवाज अगदी शांत, पेशंटशी बोलतो तसा. "येतील, चित्रा. पण गणपती आमच्या घरी बसवतोय मी. तुम्ही सगळे या. आधी बँडवाले जेवतील, मग बाकीचे. पहिली पंगत त्यांची."

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आणि मोदक डब्लिनचे नकोत. आई करणारे."

"नाही, म्हणजे, काकू दमतील म्हणून…"

मी इकडून ओरडले, "दमत नाही गं मी! तुझ्यासाठी तूप वेगळं काढून ठेवते, ये तू!"

येईल की नाही बघू. आली तर जेवून जाईल, नाही आली तर मोदक उरतील. नोरा खाईल, तिनं कालच विचारून ठेवलंय, म्हणजे खुणेनं.

दुपारी व्हॅन दारात आली. पोरांना कॉर्कला जायचंय, तिथं कार्यक्रम आहे. चौघांनी वाकून नमस्कार केला, एकाचं डोकं माझ्या गुडघ्यावर आपटलं. मुक्ता त्यांच्याबरोबर गेली, कोट पिशवीत, जादाची पत्ती डबीत. रणजितनं ती डबी स्वतः दोनदा उघडून बघितली. बार्नबीनं गाडीत बसता बसता जाकिटाचा खिसा दाखवला, उसवलाय. खराच उसवलाय, हात घालून घालून. म्हटलं आलास की शिवून देते.

बुधवारी सकाळी दहाला येतो म्हणालेत.